एका ओळीला एक नमो मरिया

(बायबल अभ्यास. वाचन : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४३. हा लेख वाचण्यापूर्वी हा उतारा घरी एकदा मोठ्याने वाचावा.)



आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील गटाची बैठक गेल्या महिन्यात झाली. चहाच्या वेळी एक तरुण बहीण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, आमच्या आजेसासू आता घराबाहेर पडत नाहीत. चर्चला जाता येत नाही, प्रार्थनेच्या पुस्तकातली अक्षरं दिसत नाहीत, टीव्हीवरची मिस्सा अर्ध्यावर आली की डोळा लागतो. दिवसभर एकच बोलतात, मी आता कुणाच्या कामाची उरले नाही. मी त्यांना काय सांगू?" त्या वेळी मला चटकन काही सुचले नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा वाटले, हिला सांगण्यासारखे माझ्याजवळ थोडेसे आहे. पण ते सांगायचे तर आधी माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती काही अभिमानाने सांगण्यासारखी नाही. फादरांना विचारले. ते म्हणाले, "लिहा. पण बायबलचा आधार सोडू नका." म्हणून आजचा हा पाठ.

माडीवरचे सतरा दिवस

२०२० साल आपण कुणीच विसरलेलो नाही. मार्च महिन्यात आपल्या चर्चचे दरवाजे भाविकांसाठी बंद झाले, ते महाराष्ट्रातील सर्व प्रार्थनास्थळांबरोबर १६ नोव्हेंबरला उघडले. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर, सारे घरातल्या घरात. २७ मार्चच्या संध्याकाळी रोममध्ये पाऊस पडत होता आणि संत पेत्राच्या रिकाम्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे चालत आले, ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले असेल. १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांवरून मिरवलेला क्रूस त्या दिवशी चौकात आणून ठेवला होता. मार्कच्या शुभवर्तमानातील वादळाचा उतारा वाचला गेला. आज पोप फ्रान्सिसही आपल्यात नाहीत; २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले. पण त्या चौकातला एकटेपणा माझ्या मनात अजून तसाच आहे.

सप्टेंबरमध्ये मला ताप आला. तपासणीत आजार निघाला. मुलाने माडीवरच्या खोलीत माझी व्यवस्था केली. सतरा दिवस तिथेच राहायचे होते. सून जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवून खाली जाई आणि मग हाक मारी. नातू खालून ओरडून अभ्यास म्हणून दाखवी. घरच्यांनी काही कमी केले नाही, हे आधीच सांगते. तरी दाराच्या आतल्या बाजूला मी एकटी होते आणि दुपार काही केल्या सरत नसे.

आता मुख्य गोष्ट. माझा थोरला भाऊ आणि मी तेव्हा दोन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण ऐकाल तर हसाल. वडिलांच्या वाडीतली विहीर आणि तिच्या पाण्याची पाळी. आपल्याकडे अशा विहिरींवरून किती घरे दुभंगली आहेत ते तुम्हाला सांगायला नको. मी त्याच्या दाराशी जाणे सोडले होते. चर्चमध्ये तो उजवीकडे बसला की मी डावीकडे बसे, आणि शांतीच्या नमस्काराच्या वेळी आम्ही दोघेही शेजारच्यांकडेच वळत असू.

माडीवर एक जुनी पत्र्याची पेटी होती. दुसऱ्या दिवशी वेळ जाईना म्हणून ती उघडली. वर जुन्या चादरी, खाली डांबराच्या गोळ्यांच्या वासाची पिशवी, आणि पिशवीत करड्या रंगाची लोकर, ८ नंबरच्या दोन सुया आणि त्यांच्यावर बारा ओळी विणून अर्धवट सोडलेला मफलर. भावासाठीच घातला होता तो. भाऊ पहाटेच्या लोकलने दादरला फुले घेऊन जाई. त्याला दमा होता. डिसेंबर-जानेवारीत प्लॅटफॉर्मवरचा वारा छातीत बसतो म्हणून वहिनीने मला सांगितले होते, आणि मी टाके घातले होते. मग विहिरीचे भांडण झाले आणि पिशवी पेटीत गेली.

विणकाम मला शाळेत सिस्टरांनी शिकवले. हाताला ते आठवत होते. मी विणायला घेतले. मनात आले, हा पुरा करीन आणि बरी झाले की नेऊन देईन, त्या निमित्ताने बोलणे होईल. तिसऱ्या दिवशी खालून कळले की भावालाही इस्पितळात नेले आहे. फोन माझ्या उशाशीच होता. त्याचा नंबर पाठ होता. मी चार वेळा फोन हातात घेतला आणि चार वेळा ठेवला. मफलर झाल्यावर बोलू, उगाच आजारपणात जुने काही निघायला नको, अशी मनाची समजूत घातली. पाचव्या दिवशी सकाळी मुलगा जिन्यात येऊन उभा राहिला. ताट घेऊन आला असेल असे वाटले. तो म्हणाला, "आई, मामा गेला."

चर्चची घंटा मला खिडकीतून ऐकू आली. दफनाला घरची मोजकीच माणसे. भावाच्या पेटीवर मूठभर माती टाकायला मला जाता आले नाही.

ताबिथा

आता वाचनाकडे वळू. यापो हे समुद्रकाठचे गाव. तिथे ताबिथा नावाची एक शिष्या राहत होती. ग्रीक भाषेत तिचे नाव दुर्कस. दोन्हींचा अर्थ हरिणी. नव्या करारात 'शिष्य' या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप एकदाच आले आहे, ते हिच्यासाठी. येशूच्या मागे चालणाऱ्या स्त्रिया शुभवर्तमानांत पुष्कळ आहेत, पण तो शब्द लूकने हिच्या नावापुढे लिहिला.

हिने काय केले? संत लूक आपल्याला हिचे एकही वाक्य सांगत नाही. हिने कुठे उपदेश केला, कोणती प्रार्थना म्हटली, काही नाही. ती आजारी पडली आणि मरण पावली. पेत्र जवळच लोद येथे होता, त्याला बोलावून आणले. माडीवरच्या खोलीत त्याला नेले तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि ताबिथाने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्याविषयी कुणी भाषण केले नाही. कपडे दाखवले. कदाचित त्यातले काही त्यांच्या अंगावरच असतील. पेत्राने सर्वांना बाहेर पाठवले, गुडघे टेकले, प्रार्थना केली, आणि तिला नावाने हाक मारून उठायला सांगितले.

त्या काळी दोन सुयांवरचे विणकाम नव्हते. इजिप्तमध्ये सापडलेले त्याचे जुने नमुने सुमारे हजार वर्षांपूर्वीचे आहेत. ताबिथा मागावर विणत असेल किंवा शिवत असेल. पण त्या माडीवरच्या खोलीचा उल्लेख मी माझ्या माडीवर वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. माझ्याकडे दाखवायला काय होते? भाऊ हयात असताना पुरा न केलेला मफलर.

ओळीच्या शेवटापर्यंत

दोन दिवस मी काही केले नाही. जपमाळ हातात घेतली की सुरुवात होई, पण नमो मरियाच्या शेवटी मरणाच्या घटकेचा उल्लेख येतो, तिथे शब्द अडे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे तर पुन्हा तिथेच. शेवटी माळ गळ्यात घातली आणि पडून राहिले. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना अशी कशी अडते याची लाज वाटे, आणि कुणाला सांगताही येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सुया घेतल्या. कारण आध्यात्मिक वगैरे काही नव्हते. हात मोकळे होते आणि ते मला बघवत नव्हते, एवढेच. ३३ टाक्यांची ओळ होती. (३३ हा आकडा प्रभूच्या वयावरून निवडला का, असे मला नंतर एकीने विचारले. खरे सांगायचे तर घेतलेल्या लोकरीत तेवढीच रुंदी पुरली असती.) मी ठरवले, एका ओळीला एक नमो मरिया. ओळ मोठी आणि प्रार्थना छोटी. दहा-बारा टाक्यांत प्रार्थना तिच्या अडणाऱ्या जागेपाशी येई, शब्द थांबत, पण हात थांबत नसत. उरलेले वीस टाके मी मुकाट्याने विणत असे. ओळ संपली की काम उलटायचे आणि नवी सुरुवात. दहा ओळी झाल्या की एक ओळ प्रभूच्या प्रार्थनेची.

त्या मुक्या वीस टाक्यांत मी काय करत होते हे मला नीट सांगता येत नाही. विचार येत. विहीर येई, भावाचा खोकला येई, लहानपणी त्याने मला सायकलवरून शाळेत नेले ते येई. आणि ओळ संपली की ते सारे तिथेच सोडून पुन्हा मरियेला नमस्कार करावा लागे. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी केव्हातरी प्रार्थना शेवटापर्यंत गेली. माझ्या ते लगेच लक्षातही आले नाही.

एक हिशेब मी तेव्हा केला, तो सांगते. जपमाळेची पाच दशके म्हणजे पन्नास ओळी, आणि प्रभूच्या प्रार्थनेच्या पाच, एकूण पंचावन्न ओळी. तेवढ्यात मफलर साधारण वीतभर वाढतो. म्हणजे एक मफलर हा सात-आठ जपमाळांचा होतो. बारा ओळींनंतर मला जवळजवळ सगळाच विणायचा होता.

वाळवंटातील भाऊ काय करत

हातात काम घेऊन प्रार्थना केली तर चालते का, देवाचा अपमान तर होत नाही ना, असा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या बाया विचारतात. आपल्याला शिकवलेलेच तसे आहे, की प्रार्थनेला गुडघ्यावर बसावे, हात जोडावेत. ते चुकीचे नाही. पण ख्रिस्तसभेची दुसरीही एक जुनी वाट आहे.

इजिप्तच्या वाळवंटात तिसऱ्या-चौथ्या शतकात जे संन्यासी एकटे राहू लागले, त्यांच्यात संत अंतोनी हे थोर. (पदुआचे संत अंतोनी नव्हेत, त्यांच्या नऊशे वर्षांपूर्वीचे.) त्यांच्याविषयी अशी आठवण सांगतात की, एकदा एकांतात त्यांना फार मरगळ आली. मनात नाना विचार येऊ लागले, प्रार्थना होईना. त्यांनी देवाला विचारले, मी काय करू? थोड्या वेळाने बाहेर आले तर त्यांच्यासारखाच एक जण दिसला. तो बसून खजुरीच्या पात्यांचा दोर वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोर वळत होता, पुन्हा उठत होता. तो देवदूत होता. अंतोनींना शब्दांत फारसे काही सांगावे लागले नाही; त्यांनी पाहिले तेच केले.

या मरगळीला त्या संन्याशांनी एक नावच दिले होते. इव्हाग्रियस नावाच्या गुरूने चौथ्या शतकात तिचे वर्णन करून ठेवले आहे. दुपारच्या वेळी ती येते. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, माणूस सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येते का म्हणून बाहेर डोकावतो, आणि मग वाटू लागते की इथे माझ्यावर कुणाचे प्रेम नाही. हे मी अलीकडेच वाचले. वाचून हसू आले. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने माझी माडी आणि त्या आजेसासूंची खाट दोन्ही पाहिल्यासारखे लिहिले आहे.

मला सर्वांत आवडतात ते आब्बा लूकियस. त्यांच्याकडे काही संन्यासी आले आणि म्हणाले, आम्ही हाताने काम करत नाही, पौलाने सांगितल्याप्रमाणे अखंड प्रार्थना करतो. लूकियसांनी विचारले, तुम्ही जेवता तेव्हा? झोपता तेव्हा? ते गप्प झाले. मग लूकियस म्हणाले, माझे सांगतो. मी पाती भिजत घालून दोर वळत बसतो आणि देवाकडे दया मागत राहतो. दिवसाला सोळा नाणी मिळतात. दोन नाणी दारातल्या गरिबाला देतो, उरलेल्यांत माझे पोट भरते. मी जेवतो आणि झोपतो तेव्हा ज्याला ती दोन नाणी मिळाली तो माझ्यासाठी प्रार्थना करतो; अशी माझी अखंड प्रार्थना पुरी होते.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. लूकियसांचा दोर विकला जात होता आणि नाणी दुसऱ्याच्या हातात पडत होती. ताबिथाचे अंगरखे विधवांच्या अंगावर होते. आपल्या मनाच्या शांतीसाठी विणणे चांगलेच, पण विणलेली वस्तू कुणाची होणार हे पहिल्या टाक्यापासून मनात असले तर प्रार्थनेला माणूस मिळतो. नुसते बसून 'सर्व आजाऱ्यांसाठी' प्रार्थना करणे मला तरी कठीण जाते. एकाच्या मानेभोवती जाणारा मफलर हातात असला की त्या एकाला विसरता येत नाही.

व्हिएतनामचे कार्डिनल व्हान थुआन यांचेही इथे नाव घेतले पाहिजे. १९७५ साली, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी त्यांना अटक झाली. तेरा वर्षे ते कैदेत होते, त्यांतली नऊ एकांत कोठडीत. हाताच्या तळव्यात द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्साबलिदान अर्पण करत. पहारेकऱ्याच्या मदतीने लाकडाचा एक छोटा क्रूस आणि विजेच्या तारेची साखळी त्यांनी तयार केली. सुटकेनंतरही तोच क्रूस ते गळ्यात घालत.

डॉक्टरांनी काय पाहिले

एकाच हालचालीची आणि एकाच शब्दांची पुनरावृत्ती शरीरालाही निववते, हे डॉक्टर लोक मान्य करतात. इटलीचे लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधून नमो मरिया म्हणायला लावली आणि त्यांचा श्वास, हृदयाचे ठोके यांची नोंद घेतली. जपमाळेच्या तालावर श्वास मिनिटाला साधारण सहा इतका संथ झाला आणि हृदयाचे व रक्तदाबाचे चढउतार त्याच्याशी जुळले. मंत्रजपाचीही त्यांनी तशीच नोंद घेतली आणि तिथेही तेच दिसले. प्रार्थनेचा अर्धा भाग एकाने आणि उरलेला अर्धा दुसऱ्यांनी म्हणायचा, ही आपली आळीतल्या क्रुसाजवळची रीत त्या श्वासाला बरोबर बसते. ऑक्टोबरच्या संध्याकाळी तिथे आजीच्या मांडीवर बसून आपण जे शिकलो त्यात एवढे शहाणपण होते, हे आपल्याला कुणी सांगितले नव्हते.

पण एक इशारा द्यायला हवा. श्वास संथ करण्यासाठी मरियेचे नाव घेणे म्हणजे उजेडासाठी वेदीवरची मेणबत्ती घरी नेण्यासारखे आहे. शरीराला आराम मिळाला तर देवाचे आभार मानावेत आणि पुढे जावे. आणि ज्यांना रात्र रात्र झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगू नये असे वाटते, त्यांनी लोकरीच्या भरवशावर राहू नये. डॉक्टरांकडे जावे, घरच्यांना सांगावे.

विणणारी मरिया

जर्मनीतील हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या पद्धतीचे सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे एक वेदीचित्र आहे. त्यात पवित्र मरिया बसून विणते आहे. तिच्या हातात दोन सुया नाहीत, मोजे विणतात तशा अनेक सुया आहेत, आणि त्यांवर गोल असा एक छोटा अंगरखा जवळजवळ पुरा होत आला आहे. जवळच बाळ येशू पुस्तक घेऊन आहे. आणि मागून देवदूत येत आहेत. त्यांच्या हातांत क्रूस, भाला, काट्यांचा मुकुट.

गोल विणलेल्या कपड्याला शिवण नसते, हे विणणाऱ्या बायांना सांगायला नको. योहानाच्या शुभवर्तमानात (१९:२३-२४) क्रुसाखालच्या शिपायांनी ज्या बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तोच हा, असे चित्रकाराला सुचवायचे आहे. बायबलमध्ये तो कुणी विणला हे लिहिलेले नाही. पण त्या चित्रकाराने कुणा विणणाऱ्या बाईजवळ पुष्कळ वेळ बसून पाहिले असले पाहिजे. तिला देवदूतांकडे मान वळवायलाही फुरसत नाही. ती टाक्यावर आहे.

काही व्यावहारिक सूचना

१९९८ साली अमेरिकेतील कनेक्टिकटमध्ये जॅनेट ब्रिस्टो आणि व्हिक्टोरिया गालो या दोघींनी 'प्रार्थनेची शाल' हा उपक्रम सुरू केला. आजारी, शोकाकुल किंवा एकट्या पडलेल्या माणसासाठी प्रार्थना करत शाल विणायची आणि ती त्याला नेऊन द्यायची, एवढीच कल्पना. आज अनेक देशांतील चर्चेसमध्ये असे गट आहेत. त्यांचा एक आवडता नमुना पवित्र त्रैक्यावरून आहे : तीन टाके सुलट, तीन उलट. टाक्यांची संख्या तिनाच्या विषम पटीत घ्यायची. शालीला ५७, मफलरला ३३. प्रत्येक ओळ तीन सुलटांनी सुरू करायची आणि तीन सुलटांनीच संपवायची. म्हणजे काम उलटल्यावर उलट दिसणाऱ्या टाक्यांवर सुलट येतात आणि दोन्ही बाजूंना सारखी, छोट्या चौकड्यांची वीण दिसते. लक्षात ठेवायला सोपी, आणि चूक झाली तर लगेच डोळ्यांत भरते. आपल्या हवेत लोकरीची शाल कुणाला, असे म्हणाल तर सुती धागा वापरा. डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला विचारा, त्या थंड खोलीत चार तास बसताना खांद्यावर काही असावे असे वाटते की नाही.

टाका खाली ओघळला तर घाबरून सगळे उसवू नका. क्रोशाच्या सुईने तो एकेक पायरी वर उचलता येतो. चौदाव्या दिवशी माझा एक टाका आठ ओळी खाली गेलेला सापडला. क्रोशाची सुई माडीवर नव्हती. सुनेने ती टोपलीत घालून दोरीने वर पाठवली, सोबत एक आंबोळीही.

मिस्सेच्या वेळी मात्र सुया खाली ठेवाव्यात, टीव्हीवरच्या मिस्सेलाही. घरी मिस्सा लावून कोलंबी सोलणाऱ्या बहिणींना मी नावानिशी ओळखते. त्यांनी रागावू नये. जपमाळेचे वेगळे, मिस्सेचे वेगळे. आजारपणामुळे जे चर्चला येऊ शकत नाहीत त्यांनी मिस्सेच्या वेळी आत्मिक ख्रिस्तप्रसाद ग्रहण करावा आणि विशेष सेवकांमार्फत घरी कम्युनियन आणण्याविषयी फादरांना कळवावे. २० मार्च २०२० च्या हुकुमात रोमने आजारामुळे घरात अडकलेल्यांना विशेष दंडमुक्ती दिली होती, तीतही मिस्सा, जपमाळ, क्रुसाची वाट यांचा उल्लेख होता, आणि ज्याला यातले काहीच जमणार नाही त्याने श्रद्धेचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना आणि मरियेची एखादी छोटी विनवणी म्हणावी, असे सांगितले होते. खाटेवरच्या माणसाची ताकद ओळखून लिहिलेला तो हुकूम होता.

आणखी एक सूचना, माझ्या स्वतःच्या खात्यातली. कुणाला फोन करायचा राहिला असेल तर आधी फोन करा. मग टाके घाला.

वहिनी

मफलर सोळाव्या दिवशी पुरा झाला. तो घेऊन मी काय करणार होते? महिनाभर तो तसाच उशीखाली होता. नोव्हेंबरात चर्च उघडल्यावर पहिल्या शनिवारी मी प्रायश्चित्त संस्कार घेतला. फादरांना विहिरीपासून फोनपर्यंत सगळे सांगितले. विणकामाने मला त्या दाराशी नेले असे म्हणता येईल, पण जे आत मिळाले ते विणून मिळणारे नव्हते. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून एक स्तोत्र म्हणायला सांगितले आणि वहिनीच्या घरी जायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी गेले. वहिनी ओट्यावर फुले मोजत बसली होती. मी पिशवी पुढे केली. तिने मफलर काढून दोन्ही बाजूंनी पाहिला. सुरुवातीच्या बारा ओळी सैल आणि पुढच्या घट्ट आहेत, हे तिला लगेच दिसले असणार, तिलाही विणता येते. ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने चहा टाकला. पाण्याच्या पाळीविषयी आम्ही त्या दिवशी बोललो नाही, त्यानंतर महिन्याभराने बोललो. मफलर आता तिचा मुलगा वापरतो. पहाटेची लोकल आता तोच धरतो.

राहता राहिल्या त्या आजेसासू. मागच्या बुधवारी मी त्यांच्याकडे सुया आणि लोकर घेऊन गेले. त्यांनी टाके घातले, पण बोटे वळत नाहीत. दोन ओळींत दमल्या. मग लोकरीची एक लडी त्यांच्या हातात दिली आणि तिचा गोळा करून द्याल का, असे विचारले. त्यांनी विचारले, "कुणासाठी?" मी त्या आजारी माणसाचे नाव सांगितले. त्यांना ते घर माहीत होते, त्याच्या आईच्या लग्नाला त्या गेल्या होत्या. गोळा करता करता त्यांनी दोन दशके म्हटली. आता दर बुधवारी त्यांच्याकडे एक लडी जाते. गोळा फार घट्ट बांधतात, त्याने लोकर ताणली जाते, म्हणून मी त्यांना दोनदा टोकले आहे.

आपला गट बुधवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये बसतो. पुरुषांनीही यायला हरकत नाही. लोकर आणि धागा आमच्याकडे आहे, सुया स्वतःच्या आणाव्यात.